कोहळ्याचे सारण आणि साट्याचे पदर : लो पो बेंग घरी कशी करावी

हाँगकाँगच्या जुन्या वस्तीतल्या बेकरीत शिरले की दोन घराण्यांचे पदार्थ शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. एका बाजूला पाव, केक आणि क्रीमचे रोल असतात. कँटोनीज भाषेत त्यांना ‘साय बेंग’, म्हणजे पश्चिमेकडचे बेकरीपदार्थ, असे म्हणतात. दुसऱ्या बाजूला, बहुधा जरा मागच्या कपाटात, पत्र्याच्या ट्रेमध्ये ‘तोंग बेंग’ रचलेले असतात. यातला ‘तोंग’ म्हणजे तांग राजघराणे. ते घराणे इसवी सन ९०७ मध्ये संपले, तरी दक्षिण चीनमधले लोक स्वतःला अजूनही ‘तांगचे लोक’ म्हणवतात आणि आपल्या खास पदार्थांनाही तेच विशेषण लावतात. हे पदार्थ दिसायला भडक नसतात. बहुतेक सारे गोल, चपटे आणि तांबूस-सोनेरी असतात, आणि आत कोणते सारण आहे हे ओळखू यावे म्हणून काहींच्या माथ्यावर लाल रंगाचा ठिपका किंवा अक्षराचा ठसा उमटवलेला असतो.

या कपाटात पुष्कळ काही असते. अक्रोडासारखी भेगाळलेली ‘हप थो सो’ नावाची बिस्किटे असतात. आंबवलेल्या तांबड्या टोफूची खारट-गोड चव असलेली ‘काय चाय बेंग’ असते. काळसर झालेले मुरवलेले अंडे आणि आल्याचे लोणचे पोटात घेतलेली ‘पेइ दान सो’ असते. लग्न ठरले की वराकडून वधूच्या घरी जाणाऱ्या मोठ्या पेस्ट्र्या मागणीप्रमाणे तयार होतात, आणि शरदातल्या पौर्णिमेच्या आधी काही आठवडे सारे दुकान मूनकेकच्या डब्यांनी भरून जाते. मूनकेकला कोरीव साचे आणि खास पाक लागतो, त्यामुळे तो घरच्या पहिल्या प्रयत्नाचा पदार्थ नव्हे. येथे मी एकच पदार्थ घेणार आहे, तो म्हणजे ‘लो पो बेंग’. तो निवडण्याचे कारण असे की त्याच्यासाठी लागणारे जवळजवळ सारे कौशल्य मराठी स्वयंपाकघरात आधीपासूनच आहे.

‘लो पो’ म्हणजे बायको. तळहाताएवढी, बोटभर जाडीची, वर दोन चिरा पाडलेली ही पेस्ट्री मोडली की बाहेरचे पदर पापुद्र्यांसारखे सुटतात आणि आतले सारण मात्र अर्धपारदर्शक, किंचित चिवट आणि बेताचे गोड लागते. नावामागे दोन कथा सांगितल्या जातात. एका कथेत सासऱ्याच्या औषधपाण्यासाठी सून स्वतःला विकते आणि तिला सोडवण्यासाठी नवरा ही पेस्ट्री करून विकू लागतो. दुसऱ्या कथेत ग्वांगझूमधील एका चहागृहातला आचारी आपल्या बायकोने केलेला कोहळ्याचा पदार्थ मालकाला खिलवतो आणि मालक त्यालाच हे नाव देतो. कोहळा दुसऱ्या कथेत आहे, म्हणून मला तीच अधिक पटते. पण दोन्ही आख्यायिकाच आहेत. ‘बायको-पेस्ट्रीत बायको नसते’ हा विनोद चिनी भाषेत इतका जुना आहे की त्यावर आता कोणी हसत नाही. नवऱ्याच्या नावाची, खारट सारणाची पेस्ट्रीही आहे, पण तिला एवढी मागणी नाही. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागातील युन लाँग हे ठिकाण लो पो बेंगसाठी प्रसिद्ध आहे आणि तेथून परतणारी माणसे पाहुण्यांसाठी तिचा डबा हमखास घेऊन येतात.

साटा म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊकच आहे

माझ्या घराजवळच्या बाजारात अशी एक बेकरी होती. तिची मागची खोली रस्त्यावरून दिसत असे, आणि तेथे एक वयस्क कारागीर दुपारभर एकच काम करत असे: कणकेची लहानशी लाटी घ्यायची, तिच्या पोटात दुसऱ्या, पांढऱ्या आणि मऊ पिठाची गोळी बंद करायची, आखूड व मुठी नसलेल्या लाटण्याने ती जिभेसारखी लांबट लाटायची आणि बोटांनी गुंडाळून बाजूला ठेवायची. दोन-तीन दिवस पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की हे दृश्य मी दर दिवाळीत पाहिलेले आहे. ती पांढरी गोळी म्हणजे साटा होता.

आपण साट्याच्या करंज्या करताना तूप आणि तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर फेसून पोळ्यांना लावतो, पोळ्या एकीवर एक ठेवतो, गुंडाळी करतो आणि कापून लाट्या घेतो. चिनी कारागीरही दोन पिठे करतो. एक पाणी आणि थोडी चरबी घालून मळलेले, चिवट आणि ताणले जाणारे. दुसरे केवळ मैदा आणि चरबीचे, पाण्याचा थेंबही नसलेले. पहिल्यात पाण्यामुळे ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, जाळे तयार होते. दुसऱ्यात पिठाच्या कणांवर चरबीचे आवरण चढल्यामुळे ते तयार होऊ शकत नाही. दोन्ही एकत्र लाटली की चिवट आणि भुसभुशीत थर आलटून पालटून बसतात, आणि भट्टीत पाण्याच्या थरातून निघालेली वाफ त्यांना एकमेकांपासून अलग करते. मोठ्या बेकऱ्या सारे पीठ एकदम गुंडाळून नंतर कापतात, म्हणजे आपल्या करंजीसारखेच. जुन्या धाटणीच्या दुकानात प्रत्येक नगाचा साटा वेगळा भरतात. दुसरी रीत वेळखाऊ आहे, पण पदर अधिक सारखे येतात, आणि घरी सोळाच नग करायचे असल्यामुळे आपण तीच वापरायची आहे.

चिनी पाकशास्त्र अशा पदार्थांचे मुख्यतः दोन वर्ग करते. ज्यांचे पदर वरून दिसतात ते उघड्या पदरांचे आणि ज्यांचे पदर सालीखाली लपतात ते झाकल्या पदरांचे. आपला चिरोटा पहिल्या वर्गात बसेल. लो पो बेंग दुसऱ्यात. आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या पेस्ट्र्यांच्या नावात येणारा ‘सो’ हा शब्द जो पोत सांगतो त्यासाठी अनेक भाषांत धड शब्द सापडत नाही, मराठीत मात्र तो नेमका आहे: खुसखुशीत. कुरकुरीतसाठी चिनी भाषेत वेगळा शब्द आहे आणि तेथेही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आपल्याला खुसखुशीत हवे आहे, कुरकुरीत नव्हे, हे शेवटपर्यंत ध्यानात ठेवावे.

चरबी, पेठा आणि चिकट तांदूळ

जुन्या दुकानात डुकराची चरबी वापरतात. ती पांढरी आणि गुळगुळीत असते, साध्या तापमानाला मऊ पण घट्ट राहते आणि तिला स्वतःचा उग्र वास नसतो, म्हणूनच पदर इतके बारीक निघतात. ज्यांना ती चालते त्यांनी तीच वापरावी. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी साजूक तूप हा पहिला विचार असतो, पण नुसत्या तुपाच्या दोन अडचणी आहेत. ते रवाळ असल्यामुळे थर सलग पसरत नाही, आणि त्याचा खमंग वास कोहळ्याच्या मंद चवीवर मात करतो. मी निम्मे वनस्पती तूप आणि निम्मे थिजलेले साजूक तूप एकत्र फेसून घेते. लोणी घेऊ नये, कारण त्यात पाणी असते आणि साट्यात पाणी गेले की साट्याचे कामच संपते.

सारणाचा आधार आहे साखरेत पाकवलेला कोहळा. चिनी बाजारात त्याच्या साखर चढलेल्या कोरड्या कांड्या मिळतात, आणि आपल्याकडे तीच वस्तू आग्र्याचा पेठा म्हणून मिळते. कोरडा पांढरा पेठा घ्यावा. केशराचा, गुलाबाचा किंवा पाकात बुडवलेला अंगुरी पेठा या कामाचा नाही. घरी कोहळा पाकवणाऱ्यांनी वड्या शेवटी जाळीवर कोरड्या होऊ द्याव्यात.

पेठ्याला बांधून ठेवणारी वस्तू म्हणजे चिकट तांदळाचे भाजलेले पीठ. कँटोनीज बेकर त्याला ‘कोउ फन’ म्हणतात. चिकट तांदळात ग्लुटेन नसते. त्याचा चिकटपणा त्यातल्या स्टार्चमुळे येतो, कारण हा स्टार्च जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिन, म्हणजे स्टार्चचा चिकट होणारा प्रकार, असतो. साध्या तांदळाच्या पिठीने सारण खरखरीत होते आणि थंड झाल्यावर फुटते, म्हणून मोदकाची पिठी येथे चालत नाही. आशियाई पदार्थांच्या दुकानात चिकट तांदळाचे पीठ मिळते. आसामचा बोरा चाऊल मिळाला तर तो धुऊन, वाळवून दळून आणावा. हे पीठ जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर दहा-बारा मिनिटे, रंग पांढऱ्याचा मलईसारखा होईपर्यंत आणि कच्चा वास जाईपर्यंत भाजावे व चाळून घ्यावे. बेसनाच्या लाडवासारखे तांबूस होऊ देऊ नये.

सोळा नगांचे प्रमाण असे आहे. पाण्याच्या पिठासाठी मैदा २०० ग्रॅम, घट्ट चरबी किंवा तूप ७० ग्रॅम, पिठीसाखर २० ग्रॅम आणि पाणी सुमारे ९० मिलिलिटर. साट्यासाठी मैदा १४० ग्रॅम आणि चरबी ७० ग्रॅम, म्हणजे बरोबर दोनास एक. सारणासाठी पेठा २०० ग्रॅम, भाजलेले चिकट तांदळाचे पीठ ८० ग्रॅम, पाणी ११० मिलिलिटर, साखर २० ग्रॅम, तूप २५ ग्रॅम, भाजलेले पांढरे तीळ २५ ग्रॅम आणि सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस २० ग्रॅम. वरून लावायला दोन अंड्यांचे बलक. वाटी-चमच्याच्या मापाने हा पदार्थ करू नये. वजनकाटा नसेल तर तो आधी आणावा.

सारण आदल्या रात्री

सारण पूर्ण थंड आणि घट्ट असल्याशिवाय भरता येत नाही, म्हणून ते आदल्या रात्री करून ठेवणे सोयीचे. पेठा सुरीने चण्याच्या डाळीएवढा बारीक चिरावा. मिक्सरमध्ये फिरवला तर त्याचा लगदा होतो आणि दाताखाली येणारे तुकडे हरवतात. पातेल्यात पाणी, साखर आणि तूप उकळावे, आच मंद करून त्यात भाजलेले पीठ घालावे आणि मोदकाची उकड काढतो त्याच रीतीने लाकडी चमच्याने भराभर घोटावे. गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागला की उतरवून त्यात पेठा, तीळ आणि खोबरे मिसळावे. सुरुवातीला हे मिश्रण कोरडे आणि हट्टी वाटते. पेठ्याची साखर सुटली की ते आपोआप मऊ होते, म्हणून घाईने पाणी वाढवू नये. पेठा मुळातच ओलसर असेल तर उलट पाणी ९० मिलिलिटरच घ्यावे. झाकून थंड करावे, आणि दुसऱ्या दिवशी तुपाच्या हाताने तीस-तीस ग्रॅमचे सोळा गोळे वळून ठेवावेत.

दोन पिठे, एकच मऊपणा

पाण्याचे पीठ करताना मराठी हाताला एक सवय मोडावी लागते. करंजीच्या किंवा शंकरपाळ्यांच्या पिठात आपण कडकडीत मोहन घालतो. येथे चरबी गरम करायची नाही. गरम मोहनाने मैद्याचे कण आधीच तुपाने माखतात, ग्लुटेन कमी होते आणि पुढे लाटताना हीच बाहेरची साल जागोजागी फाटते. चरबी घट्ट स्वरूपातच मैद्यात आणि साखरेत चोळावी, मग पाणी थोडे थोडे घालून पीठ एकत्र करावे आणि परातीत आठ-दहा मिनिटे चांगले मळावे, हवे तर आपटून तिंबावे. चिमटीत धरून ताणले तर ते लगेच न तुटता पातळ होत जावे. ओल्या पण पिळून काढलेल्या पंचाखाली अर्धा तास ठेवावे.

साट्याला मळायचे नसते, घासायचे असते. मैदा आणि चरबी ओट्यावर घेऊन तळहाताच्या टाचेने थोडे थोडे पुढे रगडत न्यावे, गोळा करावे आणि पुन्हा रगडावे; चार-पाच वेळा असे केले की ते एकजीव आणि लोण्यासारखे होते.

आता या साऱ्या कृतीतली सर्वांत महत्त्वाची तपासणी करायची आहे. एक बोट पाण्याच्या पिठात आणि एक बोट साट्यात एकाच वेळी दाबावे. दोन्हींचा मऊपणा सारखा लागला पाहिजे. साटा अधिक घट्ट असेल तर लाटताना तो आत तुकडे तुकडे होतो आणि साल फाडतो. अधिक मऊ असेल तर कडेकडे पळतो आणि मधले पदर एकमेकांना चिकटतात. पुण्यात मे महिन्याच्या एका दुपारी मी ही तपासणी केली नाही. पहिली लाटी गुंडाळताना ठीक वाटली, दुसऱ्या लाटण्यात साटा टोकांमधून दुधासारखा बाहेर आला, आणि उरलेल्या पंधरा लाट्यांची शेवटी साधी गोड बिस्किटे करावी लागली. उन्हाळ्यात साटा पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून काढावा, थंडीत उलट हाताच्या उबेने थोडा रगडून घ्यावा, आणि दोन्ही पिठे जुळल्याखेरीज पुढे जाऊ नये.

भरणे, लाटणे, थांबणे

पाण्याच्या पिठाचे चोवीस ग्रॅमचे आणि साट्याचे तेरा ग्रॅमचे सोळा-सोळा गोळे करावेत. पाण्याच्या पिठाचा गोळा हातावर दाबून त्याची लहान पारी करावी, मध्ये साट्याची गोळी ठेवून पारी वर ओढत बंद करावी आणि जोड नीट चिमटावा. सर्व सोळा भरून झाल्यावर पहिल्यापासून लाटायला सुरुवात करावी, म्हणजे प्रत्येकाला आपोआप थोडी विश्रांती मिळते. काम चालू असताना बाकीच्या लाट्या झाकलेल्याच ठेवाव्यात. साल एकदा वाळली की ती पुन्हा मऊ होत नाही.

लाटी जोडाची बाजू वर करून ठेवावी, तळव्याने चपटी करावी आणि लाटणे मधोमध ठेवून एकदा वर, एकदा खाली असे फिरवत तिला बारा ते पंधरा सेंटिमीटर लांबीच्या जिभेचा आकार द्यावा. पोळीसारखे गोल गोल, कडांवर भर देऊन लाटू नये, कारण दाब कडेला गेला की साटा बाहेर पडतो. पीठ लावू नये. फारच चिकटत असेल तर लाटण्याला तुपाचा हात पुसावा. मग वरच्या टोकापासून सैलसर गुंडाळी करावी, ती झाकावी आणि पंधरा मिनिटे थांबावे. त्यानंतर गुंडाळी उभी, म्हणजे तिचे एक तोंड आपल्याकडे येईल अशी ठेवून पुन्हा लांब लाटावी. या वेळी पट्टी अरुंद आणि अधिक लांब होईल. ती पुन्हा गुंडाळावी आणि पुन्हा पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावी. पहिल्या गुंडाळीत तीन-चार वेढे पडतात, दुसऱ्या गुंडाळीत त्या प्रत्येकाचे पुन्हा तितकेच; पदरांची संख्या तेथूनच येते. तिसऱ्यांदा लाटण्याचा मोह टाळावा. पदर वाढतात खरे, पण इतके पातळ होतात की भट्टीत ते फुटून एकमेकांत मिसळतात आणि सालीची साधी बिस्किटाची पारी होते.

थांबण्याची ही वेळ वाचवता येत नाही. ताणलेले ग्लुटेन सैल होण्यासाठी ती लागते, आणि ती दिली नाही तर लाटी रबरासारखी मागे येते, मग आपण जोर लावतो आणि साल फाटते.

आता गुंडाळी आडवी ठेवून तिच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे, दोन्ही टोके वर आणून एकत्र मिटवावीत आणि तळव्याने चपटे करावे. त्यामुळे वेढ्यांची तोंडे आत जातात आणि गुळगुळीत पाठ बाहेर येते. झाकले पदर ते हेच. ही चकती नऊ-दहा सेंटिमीटरची पारी लाटून घ्यावी, मध्य जरा जाड आणि कडा पातळ ठेवाव्यात.

सारणाचा गोळा मध्ये ठेवला की पारी उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या खाचेत धरावी, डाव्या अंगठ्याने सारण आत दाबत राहावे आणि पारी फिरवत फिरवत ती खाच हळूहळू मिटत न्यावी. चिनी कारागीर हाताच्या या खाचेला ‘वाघाचे तोंड’ म्हणतात. पुरणपोळीचा उंडा भरताना आपला हातही नेमके हेच करतो, म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे पुरण भरले आहे त्यांना ही पायरी शिकवावी लागत नाही. फरक इतकाच की शेवटी वर राहणारे शेंडीसारखे जादा पीठ चिमटून काढून टाकावे, नाहीतर खालची बाजू जाड आणि कच्ची राहते. जोड खाली करून सात-आठ सेंटिमीटर व्यासाची, सुमारे एक सेंटिमीटर जाडीची चकती तळव्याने थापावी; लाटणे फिरवायचे असेल तर अगदी हलक्या हाताने. पुन्हा दहा मिनिटे झाकून ठेवावे.

भट्टी

ओव्हन किंवा ओटीजी खालचा-वरचा दोन्ही दांडे लावून २०० अंशांवर किमान पंधरा मिनिटे तापवावा. बलक चाळणीतून गाळून, चमचाभर पाणी मिसळून ब्रशने पातळ लावावा, पाच मिनिटे वाळू द्यावा आणि दुसरा हात द्यावा. जुन्या दुकानातली ती गडद चकाकी या दुसऱ्या हाताने येते. अंडे न खाणाऱ्यांनी दूध आणि चिमूटभर साखर लावावी. रंग फिका येतो, चवीत उणे काही राहत नाही.

मग धारदार सुरीने प्रत्येक चकतीवर दोन समांतर चिरा पाडाव्यात, आणि त्या थेट सारणापर्यंत पोहोचतील इतक्या खोल असाव्यात. या चिरा नक्षीसाठी नसतात. चिकट तांदळाचे सारण तापले की फुगते, त्यातली वाफ बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर साल घुमटासारखी वर उचलली जाते आणि थंड झाल्यावर साल व सारण यांमध्ये पोकळी राहते, किंवा पेस्ट्री बाजूने फुटून सारण ट्रेवर जळते.

ट्रे मधल्या फळीवर ठेवून १२ मिनिटे २०० अंशांवर आणि नंतर १२ ते १५ मिनिटे १८० अंशांवर भाजावे. वरचा रंग पाहून फसू नये, कारण बलकामुळे तो लवकर येतो. एक नग उलटून पाहावा: तळ कोरडा आणि फिकट तांबूस असला पाहिजे आणि कडेला बोटाने हलके दाबल्यावर ती दबून न राहता किंचित कडक लागली पाहिजे. वर रंग पुरेसा आला आणि तळ पांढराच असेल तर वरून फॉइल झाकून ट्रे एक फळी खाली न्यावा. बहुतेक घरगुती ओटीजींमध्ये ही वेळ येतेच.

भट्टीतून काढल्यावर लगेच खाऊ नये. सारण त्या वेळी वितळलेल्या गोंदासारखे असते, तोंड भाजते आणि चवही कळत नाही. जाळीवर अर्धा तास ठेवल्यावर एक नग मधोमध कापावा. कापलेल्या कडेला कागदाच्या गठ्ठ्यासारख्या वेगळ्या रेषा दिसल्या तर काम जमले. रेषांऐवजी एकसंध पांढरी पट्टी दिसली तर साटा फार मऊ होता. पदर दिसतात पण सालीखाली ओला कच्चट थर आहे, तर तळाची आच कमी पडली किंवा सारण गरम असताना भरले गेले.

हवाबंद डब्यात ही पेस्ट्री तीन-चार दिवस चांगली राहते, फक्त दुसऱ्या दिवसापासून सारणाचा ओलावा सालीत उतरू लागतो. फ्रिजमध्ये ठेवू नये, तांदळाचे सारण तेथे घट्ट आणि कोरडे होते. खाण्याआधी १५० अंशांवर पाच मिनिटे गरम केली की पदर पुन्हा खुसखुशीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये मात्र त्यांचा चामड्यासारखा तुकडा होतो. हाँगकाँगमध्ये तिच्याबरोबर काळसर, मातकट चवीचा पु-एर चहा घेतात. दुधाचा गोड चहा तिच्यासोबत मला जड वाटतो, पण हे ज्याचे त्याने ठरवावे.

उरलेल्या चरबीची हप थो सो

एवढी चरबी आणि मैदा काढलेलाच आहे, आणि ओव्हनही तापलेला आहे, तर अक्रोडी बिस्किटांचा एक घाणा लगेच होतो. नाव अक्रोडाचे असले तरी अनेक जुन्या दुकानांच्या बिस्किटात अक्रोड नसतोच; वरच्या भेगा अक्रोडाच्या कवचासारख्या दिसतात म्हणून ते नाव. आपल्या नानकटाईची ही जवळची नातलग वाटते, फक्त तिच्यापेक्षा भुसभुशीत आणि भेगाळ. मैदा २०० ग्रॅम, चरबी १०० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, अर्धे फेटलेले अंडे, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा आणि पाव लहान चमचा बेकरीचा अमोनिया, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, एवढेच लागते. चरबी आणि साखर फेसून त्यात अंडे घालावे, कोरडे जिन्नस चाळून टाकावेत आणि हाताने नुसते दाबून एकत्र आणावेत. येथे मळणे म्हणजे बिघडवणे. पंचवीस ग्रॅमचे गोळे करून मध्ये अंगठ्याने खळगा पाडावा, बलक लावावा आणि १७५ अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावे.

भेगा पाडण्याचे काम अमोनिया करतो. तापल्यावर त्याचे अमोनिया वायू, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ असे विघटन होते, आणि मागे काहीच उरत नाही. वायू मात्र पूर्ण बाहेर पडला पाहिजे, म्हणून ही वस्तू पातळ आणि कोरड्या बिस्किटांतच चालते; जाड, ओल्या केकमध्ये वास अडकून राहतो. बेकरीच्या सामानाच्या दुकानात ती नावाने मागावी. कल्हईसाठी मिळणारा नवसागर हे निराळे रसायन आहे, ते येथे घालू नये. ओव्हनचे दार उघडताना तोंड बाजूला ठेवावे, कारण पहिला झोत डोळ्यांना झोंबतो. बिस्किटे पूर्ण थंड झाल्यावर एक मोडून वास घ्यावा, आणि अमोनियाची किंचितही चुणूक लागली तर सगळी बिस्किटे १५० अंशांवर आणखी पाच मिनिटे ठेवावीत.